अडकलेल्या बंदुकीची बाजू

मंडळी, आज मी एका बदनाम सीक्वेलचं वकीलपत्र घेतलंय. 'फार क्राय २'. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओचा २००८ सालचा गेम. तेव्हाही त्याच्याबद्दल दोन टोकांची मतं होती, आजही आहेत. मला तो मनापासून आवडतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तटस्थपणाचा आव आणायला नको.

पहिला 'फार क्राय' २००४चा, क्रायटेक या जर्मन कंपनीचा. निळा समुद्र, हिरवंगार बेट, पुढे प्रयोगशाळेत तयार केलेले अक्राळविक्राळ प्राणी. दुसऱ्या भागात यातलं काही म्हणजे काही नाही. तुम्ही भाडोत्री सैनिक. आफ्रिकेतल्या एका निनावी देशात यादवी चालू आहे आणि दोन्ही बाजूंना शस्त्रं विकणाऱ्या 'जॅकल'ला मारायला तुम्ही आला आहात. पण आल्या आल्या मलेरियानं आडवे होता. ज्याला मारायचं तोच खोलीत येऊन तुमचे कागद वाचतो आणि तुम्हाला जिवंत सोडून निघून जातो! नायकाची एवढी शोभा पहिल्या काही मिनिटांतच.

लोक चिडले ते पुढच्या गोष्टींवर. बंदुका गंजतात, ऐन चकमकीत अडकतात. मध्येच ताप भरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. नकाशा हातात धरून बघायचा, तोही गाडी चालवता चालवता. तेवढ्यात गाडी झाडावर. या तक्रारी खऱ्याच आहेत. पण या गेमचा क्रिएटिव्ह डायरेक्टर क्लिंट हॉकिंग यानं २००७ मध्ये 'बायोशॉक'वर एक लेख लिहिला होता. त्याचा मुद्दा असा की गेमची गोष्ट एक सांगते आणि खेळण्याचे नियम भलतंच शिकवतात. युद्धाच्या गेममध्ये हे नेहमीचं. मधल्या फिल्ममध्ये कोणीतरी रडत सांगतं की युद्ध वाईट, आणि पुढच्या क्षणी हातातलं बटण म्हणतं, काय मजा आहे! 'फार क्राय २'मध्ये वाईटपणा नियमांतच घातलाय. तो टाळून पुढे जाता येत नाही.

मलेरियाचंच बघा. औषध मिळतं ते सामान्य लोकांना देशाबाहेर काढणाऱ्या एका छुप्या गटाकडून. बदल्यात तुम्ही प्रवासाचे कागद आणून द्यायचे. म्हणजे निरपराध माणसांसाठी तुम्ही जे काही थोडंफार चांगलं करता, तेही गोळ्यांसाठी. मराठीत बरं आहे, गोळी हा शब्द दोन्हीकडे चालतो.

आणि ते साथीदार. तुम्ही मरायला टेकलात की एखादा साथीदार धावत येतो, तुम्हाला ओढत आडोशाला नेतो, हातात पिस्तूल देतो. वर्षानुवर्षं गेम खेळणाऱ्याला हे सोयीचं वाटतं, एक जादा जीव मिळाला म्हणून. मग एके दिवशी तोच जमिनीवर पडलेला सापडतो. तुमच्याकडे मॉर्फिनच्या मोजक्या सुया असतात. त्याच तुम्हाला स्वतःलाही लागतात. एक टोचता, तो आणखी मागतो. कधी तो उठून बसतो. कधी उठत नाही, आणि मग आणखी सुया द्यायच्या, पिस्तूल काढायचं की सरळ चालायला लागायचं, हे तुम्ही ठरवायचं. पडद्यावर गुण नाहीत, पार्श्वसंगीताचा हुंदका नाही. गेला तर गेला, परत येत नाही. एवढा कोरडा मृत्यू मला फार थोड्या गेममध्ये भेटलाय.

नाक्यांचं समर्थन मात्र मी पूर्ण करणार नाही. नाका साफ करून पुढे जा, थोड्या वेळानं परत या, पहारेकरी पुन्हा हजर. युद्ध संपत नाही हे दाखवायचं असेल, मान्य. पण चाळिसाव्या वेळी हा युक्तिवाद माझाही मला पटत नाही.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि चिडलेल्या खेळाडूंपैकी फारच थोड्यांनी तो घेतला. हॉकिंगनं प्रेरणा घेतली कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'वरून. त्या कादंबरीवर चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व्याख्यान दिलं होतं. आफ्रिका ही नुसती पार्श्वभूमी, तिच्यापुढे एका युरोपियन माणसाचं मन ढासळतं आणि तिथल्या लोकांना माणूसपणच नाही, असा त्यांचा रोख. या गेमलाही तो लागू पडतो. मैलोन्‌मैल गाडी हाकलली तरी रस्त्यावर साधा नागरिक दिसत नाही. भेटतात ते बंदूकवाले. यावर माझ्याकडे बचाव नाही. एवढंच म्हणेन की भाडोत्री सैनिकाला माणसं दिसत नाहीत, अशी पळवाट मी काढणार नाही.

२०१२ मध्ये तिसरा भाग आला. मलेरिया गेला, बंदुका अडकायच्या थांबल्या, जिंकलेला अड्डा तुमच्याच ताब्यात राहायला लागला. लोक खूश झाले. मीही खेळलो, मजा आली. पण त्यातला एकही साथीदार मला जमिनीवर पडलेला आठवत बसत नाही.

तुम्ही दुसरा भाग खेळणार असाल, तर नाक्यानाक्यावर भांडत जाऊ नका. जमेल तिथे नदीतून, होडीनं जा. बंदूक गंजायच्या आत बदला. आणि मॉर्फिनची एक तरी सुई शिल्लक ठेवा.