दिवाळीघोडो आणि परीट

दिवाळी सरली की बडोद्याच्या सयाजीबागेत, विश्वामित्रीच्या काठच्या ओलसर हिरवळीवर, करड्या-पांढऱ्या रंगाचा, लांब शेपटीचा एक पाहुणा तुरुतुरु धावू लागतो. गुजराती माणूस त्याला ‘दिवाळीघोडो’ म्हणतो. मराठीत तो ‘परीट’ किंवा ‘धोबी’. एका भाषेने त्याच्या येण्याचा काळ टिपला, दुसरीने पाण्याकाठी शेपटी आपटण्याची लकब. दोन्ही नावे पाहणाऱ्यांनी ठेवली. आमच्या ललित साहित्यातले पक्षी मात्र बहुधा न पाहताच कागदावर उतरतात, ही आमची तक्रार आहे.

कोकिळेचेच पाहावे. चैत्रात आंब्याआडून कुहूकुहू करतो तो काळाभोर नर. ठिपक्याठिपक्यांची मादी ‘किक्-किक्’ असा तुटक, कर्कश आवाज काढते. तरीही मराठी कवितेत गाते ती बहुधा कोकिळाच! कालिदासाला हा भेद ठाऊक होता. ‘कुमारसंभवा’त कूजन करतो तो पुंस्कोकिल. चातकाचीही तीच गत. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येणारा हा पक्षी केसाळ सुरवंट खातो, सातभाईंच्या घरट्यात आपली अंडी घालतो. इतक्या नाट्यमय चरित्रातून कवींनी उचलली ती केवळ तहान.

जून २०२५ मध्ये निवर्तलेल्या मारुती चितमपल्ली यांनी ही उणीव पुष्कळशी भरून काढली. वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिरा येथे वावरताना त्यांनी रानातल्या माणसांच्या तोंडची नावे वेचली आणि ती मराठी गद्यात रुजवली. हे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, त्यांचा पक्षी रानातला आहे. १८७९ मध्ये उभ्या राहिलेल्या आमच्या या बागेसारख्या शहरी उद्यानाचे वर्ष, म्हणजे वैशाखातल्या पहाटेची दयाळाची शीळ, हिवाळ्यातले पळसमैनांचे थवे, मराठी ललित गद्याने क्वचितच मन लावून पाहिले आहे.

हे लेखन आमच्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्या घरांतून यायला हवे होते. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ‘दिवाळीघोडो’ ठाऊक असण्याचे कारण नाही. आम्हांला दोन्ही नावे घरचीच. निदान तसा आमचा समज होता. गेल्या कार्तिकात नातवाने हिरवळीकडे बोट दाखवून विचारले, तेव्हा गुजराती नाव चटकन ओठांवर आले. ‘परीट’ आठवला तो फाटकाशी पोहोचल्यावर.