रान : उद्दीपन की आलंबन?

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. १९३९ मध्ये तेथे सापडलेल्या ताम्रपटाने वाकाटकांच्या या शाखेचा इतिहास उजेडात आणला. तिचा संस्थापक सर्वसेन हाच ‘हरिविजय’ या माहाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्याचा कर्ता. काव्य लुप्त आहे. अलंकारशास्त्रकारांच्या अवतरणांपुरतेच उरले आहे. तरीही आनंदवर्धनाने रसानुकूल कथारचनेसाठी त्याचा दाखला दिला आणि कुंतकाने सुकुमार मार्गाच्या विवेचनात सर्वसेनाला कालिदासाशेजारी बसवले. त्याच्या कथेत पारिजात स्वर्गातून पृथ्वीवर येतो, तो सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठी. तिचा एकांत मानविप्रलंभाचा आहे : प्रियकर जवळ असूनही ती एकटी. वृक्षाला स्वतंत्र अस्तित्व नाही. दोघांमधील दुराव्याची तो खूण. निसर्गाला प्राधान्याने उद्दीपनविभाव मानणाऱ्या काव्यशास्त्रामागे हीच धारणा आहे : एकांत हा कोणाच्या तरी अभावाचाच असतो. शांतरसातले तपोवनही उद्दीपनच.

नॉर्वेमध्ये १९९० च्या दशकात बहरलेले ब्लॅक मेटल संगीत या धारणेला उघड आव्हान देते. सूचिपर्णी अरण्य, हिवाळा, रात्र हेच येथे भावाचे विषय असल्याचा त्याचा दावा आहे. माणूस नको, म्हणून रान हवे. म्हणजे रान हेच आलंबन. दावा शब्दांपुरता तपासला तर तो डळमळतो. उल्व्हरच्या ‘बर्गटाट’ (१९९५) या संग्रहात डोंगरातील अमानवी शक्तींनी ओढून नेलेल्या मुलीची लोककथा आहे; अरण्य गहिरे होते ते ती हरवल्यामुळे. बुर्झुमच्या ‘व्हिस ल्यूसेट तार ऑस’ (१९९४) च्या वेष्टनावर थेओडोर किट्टेलसेन याचे चित्र आहे. त्यातल्या रानवाटेवर एक दरिद्री माणूस मरून पडला आहे. निर्जन म्हणवणाऱ्या रानात प्रेत निघावे, हे पुरेसे बोलके आहे.

ध्वनीची गोष्ट निराळी. डार्कथ्रोनच्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (१९९४) मधील सर्व वाद्ये एकट्या फेनरिझने साध्या चार-मार्गी यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. ध्वनी पातळ, खरखरीत. गिटारच्या तारेवरील अखंड कंप आणि न थांबणारा ताल यांतून प्रगतीची जाणीवच पुसली जाते. नोक्टुर्नो कुल्टोचा मानवी कंठ वाऱ्याइतकाच परका वाटतो. येथे आलंबन-उद्दीपनांची अदलाबदल खरोखर घडते, आणि ती जुन्या परिभाषेतच नेमकी सांगता येते. ही परिभाषा कालबाह्य ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मात्र माणूस वगळणे ही सौंदर्यशास्त्रीय कृती नेहमी निष्पाप नसते. बुर्झुम म्हणजे एकटा व्हार्ग व्हिकर्नेस. १९९४ मध्ये त्याला खून आणि चर्चे जाळण्याच्या गुन्ह्यांसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या वांशिक विचारातले ‘आपले’ अरण्य परक्याला हाकलूनच शुद्ध होते. अशा एकांताला प्रियकर लागत नाही, शत्रू लागतो. सत्यभामेचा मान कृष्णाला जवळ बोलावण्यासाठी होता. या एकांतात परतीची वाट ठेवलेलीच नाही. कलाकृती आणि कर्ता वेगळे, हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो, कारण वगळण्याची क्रिया दोहोंत समान आहे.

याच परंपरेतून निघालेला उल्व्हरचा ‘क्वेल्ससांगर’ (१९९६), म्हणजे ‘सायंगीते’, दुसरीकडे वळतो. किंचाळी नाही, विद्युत्-गिटार नाही. साधी गिटार, चेलो आणि एकावर एक रचलेले समूहस्वर. रान तेच, पण संध्याकाळी तेथे माणसे गात आहेत.