शोकालंकार आणि अवधान : गॉथिक अलंकारांच्या एका नव्या उपयोगाची चिकित्सा

१

कवटी कोरलेली चांदीची अंगठी, काळ्या खड्याचे लॉकेट, वटवाघळाच्या किंवा शवपेटिकेच्या आकाराचे पदक, जड काळपट साखळी, अशा दागिन्यांना आज गॉथिक अलंकार हे नाव आहे. त्यांच्या वापराला अलीकडे एक नवा अर्थ देण्यात येत आहे. असा दागिना घालणे ही केवळ वेशभूषेची बाब नसून स्वतःच्या मनाची निगा राखण्याची ती एक रीत होय, असे प्रतिपादन केले जाते. सकाळी अंगठी बोटात सरकवताना क्षणभर थांबावे, धातूचा गारवा आणि वजन यांकडे लक्ष द्यावे. दिवसा मन विस्कटले की कवटीवरून बोट फिरवून श्वासाकडे वळावे. रात्री दागिना उतरवताना दिवसाचा भारही उतरवावा, असा या रीतीचा सर्वसाधारण क्रम आहे.

या प्रतिपादनाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु थट्टेने मूळ प्रश्न निकालात निघत नाही. अंगावर धारण केलेली वस्तू मनाला आधार देऊ शकते काय, आणि देत असल्यास तो आधार वस्तूत असतो, धारण करणाऱ्यात असतो की आणखी कोठे असतो, हा प्रश्न जुना आहे. ज्या वाङ्मयाने ‘गॉथिक’ या शब्दाला आजचा अर्थ मिळवून दिला, त्या वाङ्मयाने तो स्वतःच विचारलेला आहे. म्हणून या अलंकारांची पूर्वपीठिका आणि कादंबरीतील त्यांचे स्थान यांच्या आधारे नव्या रीतीची परीक्षा करणे उचित ठरेल.

२

प्रथम नावाविषयी. होरेस वॉलपोल याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ या कादंबरीच्या १७६५ मधील दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक आले, आणि मध्ययुगीन वास्तू, भीती व मृत्यू यांचे साहचर्य त्या शब्दाला जडले. अलंकारांच्या क्षेत्रात मात्र हा शब्द प्रथम वेगळ्याच वस्तूंना लागू झाला. वास्तुकार पुजिन याने मध्ययुगीन धर्तीवर विवाहाचे अलंकार योजिले. ते १८४८ मध्ये त्याच्या तिसऱ्या पत्नीला मिळाले आणि १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडले गेले. हे अलंकार सोन्याचे, रत्नांचे व रंगीत मीनाकामाचे आहेत. काळिमा, कवटी, शोक यांपैकी त्यांत काहीही नाही. याचा अर्थ असा की, आज ज्यास गॉथिक अलंकार म्हणतात त्याचे कूळ गॉथिक पुनरुज्जीवनात जितके आहे, त्याहून अधिक ते शोकालंकारांच्या परंपरेत आहे.

ही दुसरी परंपरा बरीच जुनी आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपात कवटीच्या अंगठ्या प्रचारात होत्या. ‘तुला मरावयाचे आहे’ याचे स्मरण देणे हे त्यांचे प्रयोजन होते. त्यांच्या जोडीने विशिष्ट मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ अंगठी घालण्याची चाल वाढली. शेक्सपिअरने १६१६ च्या आपल्या मृत्युपत्रात हेमिंजेस, बर्बेज व काँडेल या तीन सहकारी नटांना अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले. येथे अंगठी घालणारा ती आपल्या मर्जीने निवडीत नाही. मरणारा ती देतो. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर त्याच्या पक्षाच्या लोकांनी त्याची लहान प्रतिमा असलेल्या अंगठ्या जपल्या. शोक आणि निष्ठा यांचा भार एकाच बोटावर राहू शकतो, हे त्यावरून दिसते.

या परंपरेचा कळस एकोणिसाव्या शतकात झाला. १४ डिसेंबर १८६१ रोजी प्रिन्स अल्बर्टचा मृत्यू झाला, आणि राणी व्हिक्टोरियाने १९०१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत शोकवस्त्रे सोडली नाहीत. दरबारामागे समाज गेला. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी सापडणाऱ्या ‘जेट’ या काळ्या द्रव्याला त्यामुळे मोठी मागणी आली. जेट हा दिसावयास दगड असला तरी वस्तुतः तो सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांच्या लाकडापासून बनलेला जीवाश्म आहे. तो वजनाने हलका आणि स्पर्शाला उबदार असतो. मागणी वाढताच काळी काच व गंधक घालून कठीण केलेले रबर यांच्या नकला बाजारात आल्या. त्यांपैकी काच ही स्पर्शाला थंड लागते, आणि जाणकार ग्राहक बोटांनीच भेद ओळखीत. आजच्या रीतीत ‘धातूचा गारवा व वजन’ यांवर मन ठेवावयास सांगतात. शोकालंकारांच्या सर्वांत मान्य द्रव्याचा गुण नेमका याच्या उलट होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्पर्शाचा धर्म पालटला तरी रीत चालते, याचा अर्थ तिचे बळ केवळ स्पर्शात नसावे.

त्या काळच्या शोकाला ठरलेली मुदत होती. विधवेचा शोक सुमारे दोन ते अडीच वर्षांचा मानला जाई. आरंभी केवळ जेटसारखे निस्तेज काळे अलंकार चालत; पुढे करडी व जांभळी वस्त्रे, मोती, ॲमेथिस्ट यांना मुभा मिळे. दागिना पाहून समोरच्या व्यक्तीला शोकाची पायरी कळे आणि त्याप्रमाणे तो आपले बोलणे बेताचे करी. दागिना हा याप्रमाणे दुःखिताचा आधार होता आणि इतरांना दिलेली सूचनाही होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे सर्व साहित्य एका नव्या तरुण समूहाने उचलले. १९७९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या संगीतातून गॉथ उपसंस्कृती घडली. १९८२ मध्ये लंडनला ‘बॅटकेव्ह’ हा क्लब निघाला. आणि १९९४ पासून व्हिटबी येथेच गॉथ मेळावे भरू लागले. व्हिटबीची निवड आकस्मिक नव्हती. ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये तेथे राहिला होता, आणि ‘ड्रॅक्युला’ या त्याच्या १८९७ च्या कादंबरीत काउंटचे जहाज याच बंदरात येऊन आदळते. जेटचे गाव आणि ड्रॅक्युलाचे गाव एकच होय.

३

वाङ्मयाने धारण केलेल्या वस्तूविषयी काय म्हटले आहे, हे आता पाहावयाचे आहे. एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) मध्ये कॅथरिनच्या मृतदेहाच्या गळ्यात एक लॉकेट आहे आणि त्यात तिच्या पतीचे केस आहेत. हीथक्लिफ ते केस काढून फेकतो व त्या जागी आपले काळे केस ठेवतो. नंतर दासी नेली दोन्ही बटा एकत्र पिळून लॉकेटात बंद करते. हा प्रसंग छोटा आहे, परंतु त्यात शोकालंकाराचे सारे शास्त्र आले आहे. लॉकेट बाहेरून एकच राहते. त्याचा अर्थ मात्र आत कोणाचे केस आहेत यावर ठरतो. जिच्या गळ्यात ते आहे ती काहीच ठरवीत नाही. नेलीची कृती तर न्यायाधीशाची आहे : हयात असलेल्या दोघांचा कलह ती एका पिळात बांधते. येथे दागिना हे संबंधांचे पात्र आहे. तो रिकामा असता तर त्यासाठी भांडण झाले नसते.

‘ड्रॅक्युला’ मधील प्रसंग प्रस्तुत प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. ट्रान्सिल्व्हेनियाच्या प्रवासात जोनाथन हार्करला खाणावळवाल्याची पत्नी आपल्या गळ्यातील क्रूस देते आणि त्याच्या आईची आण घालून तो गळ्यात बांधते. हार्कर हा इंग्लंडच्या चर्चचा अनुयायी. अशा वस्तू मूर्तिपूजेच्या म्हणून त्याज्य, अशी त्याला शिकवण. केवळ त्या वृद्धेचे मन मोडवत नाही म्हणून तो क्रूस ठेवून घेतो. पुढे किल्ल्यात एकाकी पडल्यावर तो स्पर्श केला की धीर येतो, असा अनुभव त्याला येतो, आणि तो स्वतःस विचारतो : ही शक्ती वस्तूच्या ठायीच आहे, की कोणाच्या तरी सहानुभूतीची स्मृती पोचविणारे ती एक हाताला लागणारे साधन आहे? उत्तर तो देत नाही. सवडीने विचार करू, असे म्हणून सोडून देतो.

कथानकात क्रूसाच्या माळेचा स्पर्श होताच काउंट मागे सरतो, म्हणजे कादंबरी पहिल्या पर्यायाकडे झुकते. परंतु हार्करचे मन दुसऱ्या पर्यायाकडे झुकलेले आहे, आणि वाचकाला पटते तेही तेच. ज्या क्षणी तो त्या स्त्रीला दुवा देतो, त्या क्षणी क्रूस आणि ती स्त्री यांची त्याच्या मनात फारकत होऊ शकत नाही. त्याला धीर देते ते चांदी अथवा चिन्ह नव्हे. परक्या मुलखात एका अनोळखी बाईने त्याच्या जिवाची काळजी केली, ही गोष्ट त्याला धीर देते. नव्या रीतीच्या पुरस्कर्त्यांनी या प्रसंगाचा आधार घेतला असता तर त्यांना बळकट पाठिंबा मिळाला असता. परंतु त्याबरोबर देणाऱ्या हाताचा स्वीकारही त्यांना करावा लागला असता. त्यांच्या क्रमात हा हातच नाही. दागिना विकत घेणारा, घालणारा, त्याकडे लक्ष देणारा आणि त्यापासून धीर घेणारा, सर्व एकच व्यक्ती आहे.

४

ही रीत ज्या कल्पनेचा आधार सांगते, त्या अवधानाच्या कल्पनेचीही छाननी आवश्यक आहे. पाली ‘सति’ या शब्दासाठी जो इंग्रजी शब्द आज जगभर चालतो, तो ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या आपल्या भाषांतरात योजिला. त्याला वैद्यकीय उपचाराचे रूप १९७९ मध्ये जॉन काबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये दिले. मूळ साधनेत कवटीला स्थान आहे, हे मान्य केले पाहिजे. सतिपट्ठान सुत्तात स्मशानातील प्रेताच्या, ते सडण्यापासून हाडांचा चुरा होईपर्यंतच्या, नऊ अवस्था ध्यानाचा विषय म्हणून सांगितल्या आहेत. त्या दृष्टीने कवटीची अंगठी ही परंपरेला विसंगत नाही.

विसंगती अन्यत्र आहे. महाराष्ट्रात इगतपुरी येथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरत आली आहेत. तेथील नियमांनुसार माळा, स्फटिक, ताईत अशा वस्तू शिबिरात आणावयाच्या नसतात, आणि जुन्या साधकांच्या व्रतांत देहाची सजावट वर्ज्य करणे हे एक व्रत आहे. अवधान हे कोणत्याही वस्तूवाचून, श्वास व संवेदना यांवर उभे राहावे, हा त्यामागील हेतू. ज्या शिस्तीचे नाव नवी रीत घेते ती शिस्त दागिना उतरवून सुरू होते. दागिन्याला अवधानाचे साधन म्हणण्यात म्हणून चूक आहे असे नव्हे. परंतु ते आरंभीचे साधन होय, आणि ते सुटणार आहे याची जाणीव नसेल तर साधनाचीच आसक्ती शिल्लक राहते. व्हिक्टोरियन शोकाला मुदत होती, विपश्यनेला दागिन्याचा त्याग आहे. नव्या रीतीला शेवट कोठे, हे सांगितलेले नाही.

५

एवढ्यावरून जुनी व्यवस्था श्रेष्ठ आणि नवी उथळ, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दागिना केव्हा घालावा व केव्हा उतरवावा हे समाजाने ठरवावयाचे म्हटले की त्याचा भार कोणावर पडतो, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. इंग्लंडमधील विधवेला शोकाचा दागिना चढवीत. येथील विधवेचे मंगळसूत्र तोडीत, बांगड्या फोडीत आणि कुंकू पुशीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तोच मार्ग अनुसरण्यास सांगितले. दोन देशांतील रीती परस्परविरुद्ध दिसल्या तरी त्यांचे सूत्र एक आहे : स्त्रीच्या अंगावरील वस्तूने तिच्या दुःखाची जाहीर ग्वाही द्यावी, तिची इच्छा असो वा नसो. या पार्श्वभूमीवर ‘माझ्या अंगावर काय असावे आणि त्याचा अर्थ काय, हे मी ठरवीन’ असे म्हणण्यात खरी मुक्ती आहे. तिची किंमतही कधी कधी भारी पडते. २००७ मध्ये लँकशरमधील बेकप येथे सोफी लँकेस्टर या तरुणीला तिच्या गॉथ वेशावरून झालेल्या हल्ल्यात प्राणास मुकावे लागले. जो वेश धारण करणे धोक्याचे ठरू शकते, तो निव्वळ छंद म्हणून बाजूस सारता येणार नाही.

तेव्हा नव्या रीतीचा दोष तिच्या स्वातंत्र्यात नाही. तो तिच्या एकाकीपणात आहे. शेक्सपिअरच्या मित्रांच्या अंगठीत देणारा होता. कॅथरिनच्या लॉकेटात दोन माणसे होती. हार्करच्या क्रूसात एक अनोळखी वृद्धा होती. नव्या अंगठीत फक्त घालणारा आहे, आणि कवटीचा अर्थ ‘तुला मरावयाचे आहे’ हा न राहता ‘तू शांत हो’ एवढाच उरला आहे. पहिल्या अर्थाने मनुष्याला इतर मर्त्य माणसांच्या रांगेत उभे केले होते. दुसरा त्याला स्वतःपाशीच परत आणतो.

यावरून अशा दागिन्याचा उपयोग व्यर्थ ठरत नाही. कोणाची तरी आठवण म्हणून, कोणी दिला म्हणून, किंवा आपणही मरणार आहोत आणि म्हणून आज कोणाशी तरी बरे वागावे एवढे ध्यानात राहावे म्हणून ज्याने काळी अंगठी बोटात घातली आहे, त्याच्या बाबतीत ही रीत जुन्या परंपरेची खरी वारस होय. त्याने ती बोटाने चाचपली तर हार्करने जे केले तेच तो करीत असतो. मात्र अशा वेळी हार्करचा प्रश्नही त्याने टाळू नये : हा धीर या वस्तूतून येतो आहे, की कोणाकडून?