घरी पाहिलेला ‘द डिसायपल’

‘द डिसायपल’ फार संथ आहे, असं मी २०२१च्या मे महिन्यात तिघांना सांगितलं होतं. ते मत मागे घेतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०२०मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं. आपल्यापैकी बहुतेकांनी मात्र तो ३० एप्रिल २०२१ला नेटफ्लिक्सवर आल्यावर घरीच पाहिला. मी तीन बैठकांत, कुकरच्या शिट्ट्या मोजत. शरद नेरुळकर रात्री मोटारसायकलवरून जातो, कानात माईंची ध्वनिमुद्रित व्याख्यानं. ही दृश्यं मी चक्क पुढे ढकलली होती!

दुसऱ्यांदा रात्री, हेडफोन लावून, सलग पाहिला. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. (चित्रपट घरोघरी पोचला त्याच्या अकरा दिवस आधी त्या गेल्या.) तो आवाज शरदसारखाच थेट माझ्या कानात उतरला, तेव्हा कळलं की मी गाळलेला भाग हाच चित्रपटाचा कणा. शरदला गाण्यापेक्षा गाण्याविषयीची श्रद्धा जखडते, आणि ती त्या रस्त्यांवर मुरते. पुढे एक संग्राहक माईंबद्दल वाईटसाईट बोलतो आणि शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. पहिल्यांदा हे आततायी वाटलं होतं. कारण श्रद्धाच मी पाहिली नव्हती.

शरदही आपल्या गाण्याच्या व्हिडिओखालचे लोकांचे शेरे वाचत बसतो. माझा शेरा त्यांतलाच.

तिघांपैकी दोघांनी माझं ऐकून चित्रपट पाहिलाच नाही. परवा एकाला फोन करून म्हटलं, “रात्री बघा, सलग.”

“मग तेव्हा तुम्ही काय पाहिलं होतंत?” त्यांनी विचारलं.