कुलवृत्तान्ताचा प्रतिवादी

कुलवृत्तान्त हा मराठीतील बहुप्रसव वाङ्मयप्रकार होय. पण समीक्षेने त्याची दखल क्वचितच घेतली आहे. कुलसंमेलनात त्याचे प्रकाशन व्हावे, संपादकांचा नारळ देऊन सत्कार व्हावा, आणि मग तो ग्रंथ देवघराशेजारच्या कपाटात विसावावा, हा त्याचा ठरलेला क्रम. घरचे पुस्तक म्हणून त्याला कोणी दोष देत नाही, आणि ज्याला कोणी दोष देत नाही ते वाङ्मय सुधारत नाही. म्हणून या प्रकाराचे मूळ कोठे आहे आणि त्याचे बळ कशामुळे ओसरले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्याकडे घराण्याची हकीकत प्रथम लिहिली गेली ती हौसेने नव्हे, वादापोटी. पाटीलकी, कुलकर्ण किंवा देशमुखी यांचा तंटा उभा राहिला, की वादी-प्रतिवादी आपापला करीना सादर करीत. मूळ पुरुष कोण, वतन कोणी संपादिले, भाऊबंद कोणत्या दुष्काळात परागंदा झाले, हे सारे त्यात येई. गोतसभा बसे, उभयपक्षांकडून राजीनामा व जामीन घेतले जात, साक्षी होत. निवाड्याच्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, न्हावी आरशाची. हरलेल्या पक्षाला यजितखत, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची कबुली, लिहून द्यावी लागे. राजवाडे यांनी 1898 पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांमुळे अशा कागदपत्रांचे मोल महाराष्ट्राला कळले, डॉ. वि. त्र्यं. गुणे यांच्या 1953 च्या प्रबंधाने त्यांमागील न्यायव्यवस्था उलगडून दाखविली.

करीना निःपक्षपाती होता असे कोणी समजू नये. तो स्वार्थानेच लिहिलेला असे, आणि बनावट महजरही होतेच. परंतु त्याच्यासमोर प्रतिवादी उभा असे. पूर्वजाविषयी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला ‘हे खोटे आहे’ म्हणणारा माणूस त्याच सभेत बसलेला असे. त्यामुळे करीन्याची भाषा आटोपशीर, स्थळकाळाला धरून चालणारी झाली. आजच्या कुलवृत्तान्तात वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो. भाषा सैल होते, विशेषणे वाढतात, आणि मूळ पुरुष हटकून एखाद्या छत्रपतींच्या किंवा पेशव्यांच्या पदरी असतो.

साधे गणित करून पाहावे. एका पिढीचे अंतर सामान्यतः पंचवीस ते तीस वर्षे धरले, तर शिवकालापासूनच्या साडेतीनशे वर्षांत बारा ते चौदा पिढ्या व्हावयास हव्यात. वंशवृक्षात सातच असतील तर दर पिढीला पन्नास वर्षे पडतात. म्हणजे मधली नावे गळाली आहेत, किंवा मूळ पुरुष बाहेरून आणून बसविला आहे. हा प्रश्न संपादकाने स्वतःच उपस्थित केला पाहिजे. स्त्रियांविषयी तर बोलावयासच नको. सून येते ती नवे नाव घेऊन. तिचे माहेर कित्येकदा कंसातही उरत नाही. अर्ध्या पूर्वजांना वगळून पूर्वजांचा शोध पूर्ण झाला असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आम्हा हैदराबादकरांच्या बाबतीत हा प्रतिवादी दफ्तरखान्यात बसलेला आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्याकडील मुलखाचा हिशेब दफ्तर-इ-दिवानीकडे, तर तेलंगणाचा दफ्तर-इ-मालकडे असे. त्यांपैकी पहिल्याची वंशपरंपरागत जबाबदारी रायरायान या मराठी घराण्याकडे होती. तेथील जुने कागद आता तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. पण ते वाचावयाचे कोणी? 1884 च्या सुमारास दरबारची भाषा फारसीची उर्दू झाली; घरातील कागद मोडीत राहिले; नातवंडे शिकली ती इंग्रजीत. शिवाय फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि ‘ळ’ला अक्षर नाही, त्यामुळे ‘काळे’ आणि ‘काले’ एकच होऊन बसतात. फसली सनात 590 मिळवावे लागतात, शुहूर सनात 599 किंवा 600. येथे उत्साह पुरत नाही. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखी फारसी व मराठी या दोन्हींची जाण लागते.

या कागदांना अलीकडे पुन्हा वतनकाळाची धार आली आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली. 2 सप्टेंबर 2025 च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला आधार म्हणून स्थान दिले. त्या प्रश्नाच्या राजकारणाशी प्रस्तुत लेखाला कर्तव्य नाही. वाचनाचा धडा मात्र घेण्याजोगा आहे. गॅझेटियर समाजांची संख्या सांगते, व्यक्तीचे नाव नव्हे. खासरापत्रक नाव सांगते, पण ते नाव आपल्याच आजोबांचे आहे हे सांगत नाही. तो दुवा दुसऱ्या कागदाने जोडावा लागतो. पूर्वजाच्या नावावर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असेल, तेव्हा एका अक्षराचा चुकीचा उलगडा कोणाला किती महाग पडेल, हे शिक्षकांना सांगावयास नको.

कुलवृत्तान्ताची माया आम्हाला कळत नाही असे नाही. ज्यांची नोंद इतिहासाने घेतली नाही त्या कारकुनांची, भिक्षुकांची, शेतकऱ्यांची नावे याच ग्रंथांनी जपली. ‘प्लेगात दोघे भाऊ एका आठवड्यात गेले’ अशी एखादी ओळ भेटली की पानभर गौरवाहून ती अधिक काळ मनात राहते. म्हणूनच अपेक्षा अधिक आहे. प्रत्येक विधानाखाली त्याचा कागद सांगावा. दुवा तुटला असेल तेथे ‘तुटला’ असे लिहावे. विरोधी पुरावा सापडल्यास तोही छापावा. आणि शाळेतील वरच्या वर्गांत आठवड्याचा एक तास मोडीला द्यावा. घरातील कागद रद्दीत जाण्यापूर्वी ते वाचणारा एक तरी हात घरात तयार होईल.

आजवर कुलवृत्तान्तांत सनदा पुष्कळ छापल्या गेल्या. ज्या दिवशी एखादे घराणे आपल्या पूर्वजाचे यजितखत त्याच ठळक टाइपात छापील, त्या दिवशी हा वाङ्मयप्रकार प्रौढ झाला असे समजावे.