'बेन' म्हणजे भगिनी नव्हे

शब्दांचे नाते कानाने ठरविण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. प्राचीन आयरिश भाषेत स्त्रीला 'बेन' म्हणत असत, हे कळताच बडोद्याकडील आमच्या वाचकांस शेजारची गुजराती 'बेन' आठवावी, हे साहजिकच होय. पण ही सोयरीक जुळत नाही. गुजराती 'बेन' ही संस्कृत 'भगिनी'ची लेक. आयरिश 'बेन'चे कूळ निराळे. आणि नवल असे की, तेही आपल्याच घरचे आहे.

आयरिशमधील कित्येक 'ब'कारांच्या जागी संस्कृतात 'ग' अथवा 'ज' आढळतो. आयरिश 'बो' म्हणजे आपला 'गो', 'ब्यो' म्हणजे 'जीव'. त्याच नियमाने 'बेन' ही वैदिक 'जनि'ची व ग्रीक 'ग्युने'ची सगोत्र ठरते. इंग्रजी 'क्वीन'ही त्याच गोत्रातली.

खरा पुरावा मात्र प्रथमेत नाही, षष्ठीत आहे. 'बेन'ची षष्ठी होते 'म्ना'. वरकरणी हे दुसऱ्याच शब्दाचे रूप भासते. परंतु मूळच्या 'ग्नास्'चे 'ब्नास्' झाले, 'न'च्या शेजारामुळे 'ब'चा 'म' झाला आणि अंत्य 'स्' गळाला, हा क्रम ध्यानी घेतला की कोडे उलगडते. हीच षष्ठी ऋग्वेदातील 'ग्नास्पति' या समासात गोठून राहिली आहे. यास्काचार्यांनी 'ग्ना' शब्द 'गम्' धातूशी जोडला. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही ती व्युत्पत्ती आम्हांस आज स्वीकारता येत नाही. अभिजात संस्कृताने टाकलेले हे रूप आयर्लंडात आजही बायाबापड्यांच्या तोंडी आहे!

अर्वाचीन आयरिशात एकवचनी प्रथमा 'ब्यान'. एकवचनी षष्ठी आणि अनेकवचनी प्रथमा दोन्ही 'म्ना'. अनेकवचनी षष्ठी 'बन'. पश्चिमेकडील व उत्तरेकडील बोलींत 'म्ना'चा उच्चार 'म्रा' असा होतो. उपपद लागले की आद्य वर्णही पालटतो: 'अन् व्यान', 'न मन'. 1914 साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या राष्ट्रवादी संघटनेचे नाव 'कुमन न मन' असे उच्चारतात, मात्र लिहिताना त्यातला 'ब' कायम ठेवतात. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारावर 'म्ना' ही रोमन अक्षरे पाहून ती इंग्रजीतील पुरुषवाचक शब्दाची चुकलेली छपाई समजणारे प्रवासी फसतात, ते उगाच नव्हे.

'ब्यान' स्त्रीलिंगी आहे. पण मुलगी या अर्थाचा 'कॅलीन' शब्द तेथे व्याकरणाने पुल्लिंगी. पत्नीवाचक 'दारा' शब्द पुल्लिंगी व अनेकवचनी चालविणाऱ्या संस्कृताच्या अभ्यासकांनी त्यास हसू नये.