खिडकी चिकटवता येत नाही

मुंबईत सगळ्यांत जास्त पाहिली जाणारी डिजिटल चित्रं बांधकामाच्या पत्र्यांवर लागलेली असतात. परळ, लालबाग, वरळी या भागांतून बसने जाताना ती एकामागून एक दिसतात. पन्नास-साठ मजल्यांची इमारत, तिच्या काचांत संध्याकाळचं केशरी आकाश, खाली हिरवळ. हिरवळीवर चार-पाच माणसं: फुगा धरलेलं मूल, धावायला निघालेली बाई, हातात हात घेतलेलं वयस्कर जोडपं. ही माणसं त्या चित्रासाठी काढलेली नसतात. तयार आकृत्यांच्या साठ्यातून उचलून ती तिथे चिकटवलेली असतात. म्हणून परळच्या पत्र्यावरचं जोडपं ठाण्याच्या पत्र्यावरही भेटतं. इमारतीच्या शेजारी प्रत्यक्षात जी चाळ असते, तिच्या जागी चित्रात झाडं उगवलेली असतात.

या चित्रांवर समीक्षक लिहीत नाहीत. जाहिरात म्हणून आपण ती सोडून देतो. पण शहर कसं दिसावं याची लाखो लोकांची कल्पना त्यांनीच घडवली आहे. त्यामुळे शहराच्या वास्तू आणि माणसं दाखवणाऱ्या कुठल्याही डिजिटल कलाकृतीला माझा पहिला प्रश्न असतो तो या पत्र्यासमोर उभं राहून विचारलेला: तुझ्या चित्रातली माणसं तिथलीच आहेत, की आणून ठेवलेली?

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला, आणि त्यात नापास झालो.

मी डिलाइल रोडच्या, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाच्या, बीडीडी चाळीत वाढलो. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने कामगारांसाठी या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून एकूण २०७. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, एका चाळीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. गिरण्या चालू होत्या तेव्हा अशा एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववालेही राहिले. आता या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीत नव्या मनोऱ्यांतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये रहिवाशांना मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणं म्हणजे काय, हे ज्याने रात्री पाय दुमडून झोप काढली आहे त्यालाच कळतं. जुन्या चाळीबद्दल गहिवरून लिहिणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. मीही त्यांतलाच एक होतो.

चाळ पाडली जाणार असं नक्की झालं तेव्हा मी टॅब्लेटवर तिचं चित्र काढायला घेतलं. जुने फोटो होते, आठवण होती, हातात डिजिटल पेन होतं. पहिली खिडकी काढायला एक संध्याकाळ गेली. दुसरी काढायच्या ऐवजी मी पहिलीच उचलली आणि शेजारी ठेवली. मग तिसरी, चौथी. दहा खिडक्यांची रांग झाली, ती उचलून वरच्या मजल्यावर ठेवली. अर्ध्या तासात चाळीस खिडक्यांची पूर्ण बाजू उभी राहिली. मला वाटलं, यात गैर काय? चाळ बांधणाऱ्यांनीही हेच केलं होतं. एका खोलीचा नकाशा करून तो ८० वेळा गिरवला होता.

चित्र आत्याला दाखवलं. तिने बराच वेळ टॅब्लेट लांब धरून पाहिलं. मग म्हणाली, "चांगलं आहे रे. पण आपली कुठची?"

मी मोजून बोट ठेवलं. दुसरा मजला, डावीकडून सातवी.

"तिला पत्र्याची पडवी होती. तुझ्या आजोबांनी लावलेली. शेजारी कुंड्या, त्याच्या पलीकडे त्यांचं कबुतरांसाठी लावलेलं जाळं. रात्री खालनं येताना मी त्यावरनंच ओळखायची. हे बघून मला घरी जाता येणार नाही."

आजवर माझ्या कुठल्याही लेखावर कुणी इतकी नेमकी टीका केलेली नाही. सरकारने ८० सारख्या खोल्या बांधल्या. शंभर वर्षांत तिथे राहणाऱ्यांनी त्यांतली एकही दुसरीसारखी ठेवली नाही. त्या चाळीचं वास्तुशिल्प म्हणजे हा सगळा फरक होता, आणि सोय म्हणून मी तोच पुसून टाकला होता. पत्र्यावरचा चित्रकार माणसं चिकटवतो, मी खिडक्या चिकटवल्या.

हे मनात असतानाच कोची-मुझिरिस बिनालेत (२०२२-२३) पाहिलेली 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' (२०२२) ही कलाकृती मला पुन्हा आठवू लागली. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या 'कॅम्प' या मुंबईच्या कलासमूहाची ही कृती. मध्य मुंबईतल्या ३५ मजली इमारतीवर पाळतीसाठी वापरतात तसला सीसीटीव्ही कॅमेरा बसवून, एकाच जागेवरून, करोनाच्या काळात तिचं चित्रण झालं. सात पडद्यांवर ती एकत्र चालते, पाव तासाच्या आत संपते. कॅमेरा जागचा हलत नाही. फक्त मान खाली घालतो आणि हवं तिथे जवळ जातो. वर क्षितिज आणि समुद्र, मग मनोरे, मग अर्धवट बांधलेले मजले, आणखी खाली निळं प्लास्टिक अंथरलेली छपरं, पाण्याच्या टाक्या, गच्च्या, गल्ल्या, माणसं. सोबत तुषार आढाव म्हणजेच बॅमबॉय यांचं संगीत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भारावून गेलो. कारण साधं आहे. पत्र्यावरच्या चित्रात आपली नजर नेहमी खालून वर जाते. मनोरा पाहायचा, मान वर करायची, कर्जाचा हिशेब करायचा. इथे नजर उलटी उतरते. मनोऱ्यापाशी ती थांबत नाही, त्याच्या पायथ्याशी काय आहे ते पाहायला जाते. पत्र्याने जिथे झाडं रंगवली होती, तिथे वस्ती आहे. एकही आकृती चिकटवलेली नाही. उंच जागा, ताकदीची भिंगं, पाळतीचं यंत्र ही सगळी सत्तेची साधनं आहेत, आणि 'कॅम्प'ने ती सत्तेच्या सवयीविरुद्ध वापरली आहेत. तंत्रज्ञान निष्पाप असल्याचा आव ही कृती आणत नाही. पाहणारा आपण ३५व्या मजल्यावर आहोत हे एक क्षणही विसरू शकत नाही.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि ती आत्याच्या प्रश्नातून आली आहे. त्या गच्चीवरच्या माणसाला ही फिल्म दाखवली तर तो काय म्हणेल?

ही तक्रार बाहेरून आणलेली नाही. 'कॅम्प'नेच तिचं उत्तर आधी एकदा दिलं होतं. २००९मध्ये पूर्व जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनी कुटुंबांबरोबर त्यांनी 'द नेबर बिफोर द हाउस' ही कृती केली. तिथेही असाच फिरता सीसीटीव्ही कॅमेरा होता, पण तो चालवणारे घरातलेच लोक होते. समोरचं घर कुणाचं होतं, आता तिथे कोण राहतं, ते झाड कुणी लावलं, हे ते पडद्याकडे बघत सांगत होते. भिंग कुठे न्यायचं हे त्यांची आठवण ठरवत होती. त्यामुळे तिथे वास्तू आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत. मुंबईच्या कृतीत कॅमेरा कलाकारांच्या हातात आहे आणि खालच्या माणसांच्या बोलण्याच्या जागी संगीत आहे. संगीत जोरकस आहे, पण ठेका त्याचा आहे. एखादी बाई कपडे वाळत घालत असेल तर तिचा वेळ किती, हे तिची दोरी ठरवत नाही, संकलन ठरवतं. आपण तिच्यापर्यंत पोचतो आणि ओळख व्हायच्या आत निघतो.

एका जागी बसून शहर पाहण्याची आपल्याकडे दुसरीही एक रीत आहे. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत लिहिणारे अरुण कोलटकर 'वेसाइड इन'च्या टेबलाशी बसून काळा घोडा चौक पाहायचे. त्या पाहण्यातून 'काळा घोडा पोएम्स' (२००४) हा संग्रह झाला. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले दृश्यकारही होते. चित्र कसं विकतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची जागाही ठरलेली होती, पण ती फुटपाथच्या उंचीवर होती. तिथून पाहणाऱ्याला पाहिला जाणाराही पाहू शकतो. सुधीर पटवर्धनांच्या 'लोअर परळ' (२००१) या चित्राचंही असंच. ठाण्यात अनेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेला हा चित्रकार शरीरांच्या आत पाहण्याची विद्या जाणतो, तरी रस्त्यावरच्या माणसाला तो भेदून पाहत नाही. त्याच्या वजनासकट, थकव्यासकट उभा करतो.

यावरून कॅनव्हास खरा आणि पडदा खोटा असा निकाल कुणी काढू नये. हाताने काढलेली चाळही खोटी असू शकते. माझी तर होतीच. पेन माझ्याच हातात होतं. डिजिटल साधनाचं वैशिष्ट्य एवढंच की त्यात पुनरावृत्ती फुकट मिळते आणि अंतर बोटाने मिटतं. कागदावर चाळीसावी खिडकी काढताना हात कंटाळतो, आणि त्या कंटाळ्यातून कधी कधी फरक दिसू लागतो. पडद्यावर कंटाळायची वेळच येत नाही. म्हणून तिथे कलावंताला मुद्दाम थांबावं लागतं. 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' फुकटची पुनरावृत्ती नाकारते, हे तिचं मोठेपण. मिटवलेल्या अंतराचा हिशेब मात्र ती पुरता देत नाही. जेरुसलेमच्या कृतीने तो दिला होता, म्हणून मला ती जास्त मोठी वाटते.

माझ्या चित्रातल्या चाळीस खिडक्यांपैकी एकोणचाळीस मी पुसल्या. आत्या आता संक्रमण शिबिरात राहते. रविवारी मी टॅब्लेट घेऊन जातो. ती सांगते, मी काढतो. चुकलं तर ती काचेवर बोट फिरवून पुसायला जाते, आणि भलतंच काहीतरी पुसलं जातं. आतापर्यंत अकरा खिडक्या झाल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कोण होतं ते तिला आठवत नाही. त्या खिडक्या मी रिकाम्या ठेवल्या आहेत. शेजारच्यांना विचारून सांगते, असं तिने म्हटलं आहे.